‘माझ्या आयुष्यात काही घडतच नाही, मग पोर्टफोलिओत लिहू काय?’

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजण्यात काही गफलत असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. सेमिस्टरअखेर स्वतःच्या विकासाचा चिंतनात्मक पोर्टफोलिओ द्यायचा आहे. त्यात किमान आठ नोंदी, त्यांना जोडलेले पुरावे आणि शेवटी दोन हजार शब्दांचा समारोप. सहा आठवडे उरलेत आणि हाताशी दोनच नोंदी आहेत. अडचणी तीन. लेक्चर, लॅब, असाइनमेंट यापलीकडे काही घडतच नाही. जे लिहिलंय ते वाचताना स्वतःलाच खोटं वाटतं. आणि हे सगळं शिक्षक मार्कांसाठी वाचणार असतील, तर मनातलं लिहायचं तरी कसं?

तिन्ही तक्रारी रास्त आहेत. पण मला त्यांचं मूळ एकच दिसतं. तुम्ही नोंद लिहायला बसता तीच सादर करण्याच्या तयारीने बसता. पहिल्या वाक्यापासून परीक्षक समोर असतो. मग छोटे प्रसंग ‘लिहिण्यासारखे नाहीत’ म्हणून गळतात, उरलेल्यांना चांगला शेवट जोडावासा वाटतो, आणि तो जोडला की नोंद खोटी वाटायला लागते. शिकण्यासाठी लिहिणं आणि दाखवण्यासाठी लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही करायची आहेत, पण एका बैठकीत नाही. मी वर्षानुवर्षं असे पोर्टफोलिओ करून घेत आणि तपासत आले आहे. ज्यांचे चांगले होतात त्यांच्यात एक गोष्ट हमखास सापडते: त्यांनी आधी कच्चं लिहिलेलं असतं आणि नंतर ते परत वाचलेलं असतं. भाषा चांगली असणं त्यामानाने बिनमहत्त्वाचं.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पोर्टफोलिओला मार्क आहेत की नुसतं ‘पूर्ण’ असा शेरा मिळणार आहे, यावर किती उघड लिहायचं ते ठरतं. तुमचे मार्गदर्शक शिक्षकच वाचणार की बाहेरचा परीक्षक, यावरही. नर्सिंग, अध्यापन, समाजकार्य अशा अभ्यासक्रमांत रुग्ण, मुलं, कुटुंबं येतात, तिथे गोपनीयतेचे नियम कडक असतात आणि ते माझ्या सल्ल्यापेक्षा वरचढ आहेत. विभागाने ठरावीक नमुना दिला असेल तर तो पाळायचाच. खाली जे सांगते ते नमुना भरण्याच्या आधी काय करायचं याबद्दल आहे, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी लागू पडेल.

ही दोन कामं एका फाइलमध्ये आली कशी, हे माहीत असलं तर स्वतःवरचा राग जरा कमी होतो. एक धारा शिकण्याची. विचाराची सुरुवात गोंधळातून, शंकेतून होते, असं अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी 1910 साली मांडलं होतं. 1983 मध्ये डोनाल्ड शॉन यांनी वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते अशी मंडळी प्रत्यक्ष काम करताना कसा विचार करतात, याचा अभ्यास मांडला. काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला विचार हा फरक त्यांचा. 1984 मध्ये डेव्हिड कोल्ब यांचं अनुभवातून शिकण्याचं चक्र आलं आणि 1988 मध्ये ग्रॅहम गिब्ज यांचं सहा पायऱ्यांचं, जे बहुधा तुमच्या माहितीपत्रकात छापलेलं असेल. दुसरी धारा नोंद ठेवण्याची, दाखवण्याची. ब्रिटनमधल्या उच्च शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या डिअरिंग समितीने 1997 मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची एक ‘प्रोग्रेस फाइल’ असावी अशी शिफारस केली. तिच्यात एकीकडे विद्यापीठाने दिलेलं अधिकृत गुणपत्रक आणि दुसरीकडे स्वतःच्या प्रगतीवर विद्यार्थ्याने स्वतः ठेवलेली नजर. पहिली धारा म्हणते, कुठे अडलात ते लिहा. दुसऱ्या धारेचा कल काय कमावलं ते दाखवण्याकडे. तुमच्या पोर्टफोलिओला दोन्हीकडचं रक्त आहे. त्यामुळे तुमची ओढाताण होते यात तुमचा काही दोष नाही.

तर पहिलं काम: जागा दोन करा. एक वही, किंवा फोनमधली नोंदींची फाइल, जी कुणालाही दाखवायची नाही. आणि एक सादर करायची फाइल, जी शेवटच्या दोन आठवड्यांपर्यंत रिकामी राहिली तरी चालेल. वहीत शुद्धलेखन नको, शेवट नको, ‘यातून मी शिकले’ तर नकोच. तारीख मात्र हवी, प्रत्येक वेळी. पुढे का ते सांगते.

आता ‘काही घडतच नाही’ याकडे येऊ. विद्यार्थी प्रसंग शोधायला निघतात तेव्हा स्पर्धा, शिबिर, बक्षीस, अपयश असं मोठं काही शोधतात. मोठ्या प्रसंगांची गोष्ट आपण चार जणांना सांगून आधीच घोटवलेली असते, म्हणून तिच्यात नवीन काही सापडत नाही. उपयोगाचे प्रसंग छोटे असतात. शिक्षकांनी प्रश्न विचारला, उत्तर येत होतं, तरी हात वर केला नाही. असाइनमेंट परत मिळाली, मार्क पाहिले, लाल शाईतला शेरा न वाचता ती बॅगेत टाकली. लॅबमध्ये जोडीदाराने उपकरण जोडलं आणि तुम्ही आकडे लिहून घेतलेत, याही वेळी. एक तास बसून तीन पानं वाचली आणि शेवटी काय वाचलं ते सांगता येईना. यातलं काहीच ‘घडलं’ असं आपण म्हणत नाही. पण तुम्ही कशा शिकता याची माहिती नेमकी इथेच असते. माझी साधी कसोटी अशी: ज्या क्षणाची रात्री आठवण आल्यावर किंचित अंग चोरावंसं वाटतं, किंवा ‘अरे, हे कसं काय जमलं?’ असं वाटतं, तो लिहायचा.

आणि घडायची वाट पाहायची नसेल तर एक युक्ती आहे, तिच्यावर माझा फार भर असतो. प्रसंगाच्या आधी एक ओळ लिहा. परीक्षेला जाण्याआधी: ‘मला साधारण इतके मार्क पडतील, आणि अमुक प्रकारच्या प्रश्नाला मी अडखळेन.’ प्रेझेंटेशनच्या आधी: ‘पहिली दोन मिनिटं घाबरेन, मग ठीक होईल.’ असाइनमेंट देताना: ‘शिक्षक संदर्भांवर बोट ठेवतील.’ लिहायला अर्धा मिनिट लागतो. निकाल आल्यावर त्याखाली प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. अंदाज आणि प्रत्यक्ष यांच्यात जे अंतर पडतं, तिथे चिंतनाला आयतं खाद्य मिळतं. आणि अंदाज तंतोतंत बरोबर निघाला तर प्रश्न आणखी टोकदार: अडखळणार हे माहीत होतं, मग त्याची तयारी का केली नाही?

आधीच लिहायचं, कारण नंतर आपली आठवण आपल्याला फसवते. मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी 1975 च्या सुमारास याचे प्रयोग केले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यांआधी लोकांकडून अंदाज घेतले होते: अमुक होईल का, तमुक होईल का. दौरे झाल्यावर त्याच लोकांना विचारलं, तेव्हा तुम्ही काय अंदाज दिला होता ते आठवा. जे घडलं असं त्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती असं लोकांना आठवू लागलं. ‘मला वाटलंच होतं’ हे वाक्य आपण सगळेच प्रामाणिकपणे म्हणतो आणि ते बरेचदा खरं नसतं. सेमिस्टरच्या शेवटी एका रात्रीत आठवून लिहिलेल्या आठ नोंदी गुळगुळीत का होतात, याचं एक मोठं कारण हे. शेवट माहीत असलेला माणूस सुरुवात लिहीत असतो. म्हणून तारीख हवी, आणि म्हणून नोंद शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी हवी.

आता खोटेपणाची तक्रार. हे उदाहरणाशिवाय समजणार नाही, म्हणून एक नोंद घेऊ. ही मी इथे बनवली आहे, पण या साच्यातल्या नोंदी माझ्याकडे गठ्ठ्याने येतात:

‘आमच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये अनेक अडचणी आल्या. काही सदस्यांनी वेळेवर काम दिलं नाही. तरीही आम्ही एकत्र येऊन मेहनत घेतली आणि प्रेझेंटेशन यशस्वी झालं. या अनुभवातून मला टीमवर्क, संवाद आणि वेळेच्या नियोजनाचं महत्त्व कळलं. भविष्यात मी ही कौशल्यं आणखी विकसित करेन.’

यात चूक अशी एकही नाही. पण यातलं एक तरी वाक्य दुसऱ्या कुणा विद्यार्थ्याच्या नोंदीत उचलून टाकलं तर बिघडेल का? नाही. म्हणजे ही नोंद कुणाचीच नाही. अशी नोंद घेऊन कुणी आलं की मी चार-पाच प्रश्न विचारते. ‘काही सदस्य’ म्हणजे किती? एक. त्याने काम दिलंच नाही? दिलं, पण कच्चं होतं. कधी दिलं? चार दिवस आधी. तुम्ही कधी वाचलंत? इथे साधारण शांतता पसरते. या संभाषणानंतर तीच नोंद अशी होऊ शकते:

‘प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री मी गटातल्या एकाचा भाग पूर्ण नव्याने लिहिला. त्याने दिलेला मजकूर मला कच्चा वाटला. त्याला कळवलं नाही. सकाळी स्लाइड उघडल्यावर त्याला दिसलं. तो काही बोलला नाही. पण त्याच्या भागावर प्रश्न आला तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि उत्तर मी दिलं. मार्क चांगले पडले. त्या वेळी मला आपण सगळ्यांना वाचवलं असं वाटत होतं. आज दोन दिवसांनी वेगळं वाटतंय. त्याचा मजकूर चार दिवस आमच्या सामायिक फाइलमध्ये पडून होता. मी तो उघडलाच आदल्या रात्री. सुधारायला त्याच्याकडे वेळ नव्हता हे खरं, पण तो वेळ मीच खाल्ला. आधी उघडला असता तर त्याला सांगावं लागलं असतं, आणि “हे जमलेलं नाही” असं कुणाला तोंडावर सांगणं मला जड जातं. स्वतः लिहून टाकणं सोपं पडतं. पुढच्या गटकामात: मजकूर आल्याच्या दुसऱ्या दिवशी वाचायचा आणि एक तरी शंका लेखी विचारायची.’

यात ‘टीमवर्क’ हा शब्द कुठे आला नाही. पण वाचणाऱ्याला या मुलीच्या गटात काम करण्याच्या पद्धतीबद्दल पहिल्या नोंदीपेक्षा कितीतरी जास्त कळतं, आणि तिलाही. आणखी एक पाहा: मार्क चांगले पडलेत, तरी नोंद तिथे थांबलेली नाही. यश मिळालं की चिंतन आटोपतं घेणं ही सगळ्यांचीच सवय, आणि यशात लपलेल्या गोष्टी म्हणूनच वर्षानुवर्षं तशाच राहतात. शेवटचं वाक्यही बघा. ‘संवादकौशल्य विकसित करेन’ हे झालं की नाही ते कधी तपासता येणार नाही. ‘दुसऱ्या दिवशी वाचायचा, एक शंका लेखी विचारायची’ हे केलं की नाही याचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं.

स्वतःच्या नोंदीवर हे प्रश्न तुम्हालाच विचारायचे आहेत. ‘अनेक’, ‘काही’, ‘खूप’ दिसलं की आकडा विचारा. ‘आम्ही’ दिसलं की विचारा, यातली मी कुठे होते? ‘महत्त्व कळलं’ दिसलं की विचारा, आधी माहीत नव्हतं का? वेळेचं नियोजन महत्त्वाचं असतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. माहीत असून केलं नाही, ते का, एवढंच लिहिण्यासारखं असतं.

चिंतनाच्या मॉडेलांबद्दल थोडक्यात. गिब्ज यांच्या सहा पायऱ्या म्हणजे वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि पुढची कृती. या पायऱ्या मथळे म्हणून वापरल्या की सहा सारखे डबे तयार होतात आणि प्रत्येकात दोन-दोन वाक्यं भरली जातात. प्रश्न म्हणून वापरल्या तर बऱ्या. माझ्या अनुभवात वर्णनाला जागा फार जाते आणि विश्लेषणाला उरत नाही. वर्णन एकूण नोंदीच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. रोजच्या वहीसाठी मला टेरी बोर्टन यांनी 1970 मध्ये मांडलेले तीन प्रश्न पुरेसे वाटतात: काय झालं, मग त्याचं काय, आणि आता काय. मधला प्रश्न सर्वांत कठीण, कारण तिथे स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि पहिलं सुचलेलं स्पष्टीकरण बहुधा आपल्या सोयीचं असतं. म्हणून त्या प्रश्नाला दोन उत्तरं लिहायची सवय लावा, एक आपल्या बाजूचं आणि एक समोरच्याच्या. हॅटन आणि स्मिथ या संशोधकांनी 1995 मध्ये भावी शिक्षकांचं चिंतनात्मक लेखन तपासून त्याचे स्तर पाडले होते: नुसतं वर्णन, कारणं देणारं वर्णन, स्वतःशी वाद घालणारं लेखन, आणि प्रसंगाला व्यापक सामाजिक संदर्भात ठेवणारं लेखन. त्यांना सर्वांत जास्त सापडलं ते दुसऱ्या स्तरातलं, कारणं देणारं. तिसऱ्या स्तरावर जाण्याचा माझ्या माहितीतला सर्वांत सरळ रस्ता म्हणजे हीच दोन उत्तरं.

इथवरचं सगळं कच्चा माल जमवणं झालं. चिंतन खऱ्या अर्थाने होतं ते दुसऱ्या वाचनात, आणि बहुतेक विद्यार्थी नेमकं तेच वगळतात. दर तीन-चार आठवड्यांनी वही घेऊन बसा. वेगळ्या रंगाचं पेन घ्या. जुन्या मजकुरात एक अक्षरही बदलायचं नाही. समासात आजची तारीख घालून आज काय वाटतं ते लिहायचं. वरच्या नोंदीच्या समासात महिन्याभराने असं काही येऊ शकतं: ‘या वेळी शंका दुसऱ्या दिवशी विचारली. मेसेज लिहिताना तीनदा “सॉरी” लिहिलं, दोनदा खोडलं. उत्तर दहा मिनिटांत आलं, त्यात राग नव्हता. मग मी इतके दिवस कशाला घाबरत होते?’ ही चार वाक्यं आणि मूळ नोंद शेजारी-शेजारी ठेवली की विकास म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. तारखा बोलतात. एका बैठकीत लिहिलेल्या नोंदीत हे येणं शक्यच नाही, कितीही चांगलं लिहिता येत असलं तरी.

दुसऱ्या वाचनात आणखी दोन गोष्टी शोधा. एक, काय परत परत येतंय. वेगवेगळ्या चार नोंदींत ‘शेवटच्या क्षणी’ आलं असेल, तर तो चार प्रसंगांचा योगायोग नाही. दोन, काय कुठेच येत नाही. हे दिसायला वेळ लागतो, पण एकदा दिसलं की विसरता येत नाही. कुणाच्या वहीत पूर्ण सेमिस्टरमध्ये एकदाही कुणाला मदत मागितल्याचा उल्लेख नसतो. कुणाच्या वहीत फक्त चुका असतात, एकही जमलेली गोष्ट नाही. कुणाच्या वहीत सगळं दुसऱ्यांमुळे घडतं. अशी रिकामी जागा सापडली तर समारोपाचा विषय सापडला असं समजा.

पुराव्यांबद्दल. प्रमाणपत्रं लावायचा मोह होतो. लावा एखादं, पण ते तुम्ही हजर होतात एवढंच सांगतं. चांगला पुरावा म्हणजे ज्यात बदल दिसतो: असाइनमेंटचा पहिला खर्डा शेऱ्यांसकट आणि शेजारी दुसरा, प्रयोगाच्या वहीतलं चुकलेलं पान, वाचताना काढलेल्या टिपणांचा सुरुवातीचा नमुना आणि आत्ताचा. प्रत्येक पुराव्याखाली दोन ओळी लिहा, तो का लावला आणि वाचणाऱ्याने त्यात नेमकं कुठे पाहायचं. या दोन ओळींशिवाय पुरावा नुसता जोडपत्र होऊन बसतो, आणि परीक्षक ते पान उलटून पुढे जातो. मीही तेच करते.

आता तिसरी तक्रार, शिक्षक वाचणार त्याची. वही आणि फाइल वेगळी केलीत की ही अडचण निम्मी सुटते, कारण वहीत काय लिहायचं याला कुणाची परवानगी लागत नाही. फाइलमध्ये काय न्यायचं ते तुम्ही निवडायचं. निवडणं म्हणजे लपवणं नाही. मी इतकंच पाळायला सांगते: जे न्याल ते खरं असावं, सगळं खरं न्यायलाच हवं असं नाही. परीक्षकाला तुमच्या दुःखाचं माप घ्यायचं नसतं. निदान आम्ही मार्क देताना पाहतो ते असं: प्रसंग नेमका आहे का, कारणांचा शोध घेतलाय का, दुसरी बाजू दिसते का, पुढची कृती तपासण्याजोगी आहे का, आणि नोंदींमध्ये एकमेकींशी धागा आहे का. रडवणारी नोंद आणि उपकरण जोडता न आल्याची नोंद या कसोट्यांवर सारख्याच तोलल्या जातात. बरेचदा उपकरणवाली पुढे जाते.

जड विषयांबद्दल जरा थांबून सांगते. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या अत्यंत क्लेशदायक अनुभवांबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत या विद्यार्थ्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणून हा प्रयोग प्रसिद्ध आहे. पण लिहून झाल्या-झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, हा भाग कमी सांगितला जातो. आणि ते लेखन मार्कांसाठी नव्हतं. घरातला मृत्यू, आजार, छळ असलं काही मनात असेल तर ते लिहायला वही आहे, बोलायला समुपदेशक आहे. मार्कांच्या फाइलमध्ये ते आणायचं बंधन तुमच्यावर कुणीही घालू शकत नाही. तसंच, एकाच प्रसंगावर तिसऱ्यांदा लिहिताय आणि ‘आता काय’ या प्रश्नापाशी पोचतच नाही, असं झालं तर वही मिटा. तो विचार राहिलेला नाही, ते कुढणं झालं. अशा वेळी कुणाशी तरी बोलणं जास्त उपयोगाचं.

दुसऱ्यांची नावं फाइलमध्ये नकोत. ‘गटातला एक सदस्य’ पुरेसं आहे, आणि ओळखू येईल असे तपशीलही काढा. तुमचं चिंतन तुमच्याबद्दल असतं. त्यात ज्यांनी भाग घ्यायला होकार दिला नाही त्यांना उघडं पाडू नये.

एआयकडून नोंद लिहून घ्यावी का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. तुमच्या विभागाचा नियम आधी पाहा. नियम सोडून माझं मत असं की एआय वर दिलेल्या पहिल्या नोंदीसारखी नोंद क्षणात देतं, आणि तसल्या नोंदी आमच्याकडे आधीच भरपूर आहेत. उलट बाजूने वापर करता येतो: तुमची कच्ची नोंद, नावं काढून, त्याला द्या आणि ‘यात काय संदिग्ध आहे ते फक्त प्रश्नांच्या रूपात विचार’ असं सांगा. उत्तरं तुमची तुम्ही वहीत लिहा. घरात किंवा वर्गात असे प्रश्न विचारणारा मित्र असेल तर तो अधिक चांगला, कारण तुम्ही कुठे चाचरता ते त्याला दिसतं.

तुमच्या हातात सहा आठवडे आहेत. आधीच्या दोन नोंदी फेकू नका. जी वाक्यं खोटी वाटतात त्यांच्याखाली रेघ मारा आणि समासात, आजची तारीख घालून, खरं काय होतं ते लिहा. झालं ना दुसरं वाचन सुरू. पहिले चार आठवडे आठवड्याला दोन नोंदी, दहा-बारा मिनिटांच्या वर नाही, आणि त्यातली एक तरी ‘आधीच्या ओळी’ची. म्हणजे आठ नव्या आणि दोन जुन्या हाताशी येतील, त्यांतल्या दोन टाकाऊ निघाल्या तरी भागतं. मागच्या महिन्यांतलं काही आठवून लिहावंसं वाटलं तर लिहा, पण ‘हे आठवून लिहिलं आहे’ असं स्पष्ट नमूद करा. परीक्षकाला त्याचं काही वाटत नाही, जुन्या तारखा घातलेल्या मात्र लगेच ओळखू येतात. दुसऱ्या आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी समासातलं वाचन. पाचव्या आठवड्यात निवड, पुरावे आणि नावं पुसणं. समारोप सहाव्यात.

समारोपात आठही नोंदींचा सारांश देत बसू नका, परीक्षकाने त्या नुकत्याच वाचलेल्या असतात. दोन किंवा तीन धागे घ्या, प्रत्येकासाठी दोन नोंदी शेजारी ठेवा, त्यांच्यामधल्या काळात काय हललं आणि काय जागचं हललं नाही ते लिहा. न हललेलं लिहायला कचरू नका. सहा आठवड्यांत सगळं सुधारलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही आणि कुठल्याही अनुभवी परीक्षकाने पाहिलेला नसेल. आणि विभागाच्या नमुन्यात ‘भावना’ असा सक्तीचा रकाना असेल, तर त्यात त्या वेळी काय वाटलं त्याचं एक नेमकं वाक्य लिहा आणि उरलेली जागा मोकळी सोडा.